उतारवयाचे पाय आणि पोषणाचे अर्थकारण

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, तर म्हातारपणाचे एक वेगळेच दर्शन घडते. गाडी फलाटाला लागते, तरुण मंडळी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, आणि सर्वांच्या मागून एखादी म्हातारी पहिल्या पायरीशी येऊन थांबते. एका हाताने दांडा घट्ट धरते, पाय उचलते, पुन्हा खाली ठेवते आणि क्षणभर विसावते. वाहक "चला आजी, लवकर चला" म्हणतो. त्यात उद्धटपणा नसतो, वेळापत्रकाची निकड असते. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना राज्य परिवहनच्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. या दोन्ही निर्णयांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिकिटाची अडचण दूर झाली तरी पायरीची अडचण शिल्लक राहते, हे स्वारगेटच्या फलाटावर रोज दिसते.

ही पायरी चढण्याचे बळ पायांतील रक्ताभिसरणावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. रक्ताभिसरणाचा संबंध ताटात पडणाऱ्या अन्नाशी असतो. आणि ताटात काय पडावे हे केवळ खाणाऱ्याच्या शहाणपणावर ठरत नाही. ते त्याचे उत्पन्न, बाजारातील भाव आणि शासनाचे अन्नधोरण यांवरही ठरते. वृद्धांच्या आहाराविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुतेक सर्व उपदेशाच्या स्वरूपाचे असते. या उपदेशामागचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. म्हणून वैद्यकाविषयी जे पुढे येईल ते आज सर्वसाधारणपणे मान्य झालेलेच आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र माझे आहेत.

या प्रश्नाकडे माझे लक्ष गेले ते कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, तर आईमुळे. स्वारगेटहून मंडईपर्यंत पायी जाणे हा तिचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. काही वर्षांपूर्वी ती वाटेत भांड्यांच्या दुकानापुढे थांबू लागली. घरात भांड्यांना तोटा नसताना ती काय पाहते, असे विचारले तर म्हणे, "अरे, नुसती बघत होते." पुढे लक्षात आले की पोटरीत गोळा येई, पाऊल पुढे टाकवत नसे, आणि दोन मिनिटे उभे राहिले की दुखणे आपोआप ओसरे. रस्त्यात उगाच थांबणे तिला संकोचाचे वाटे, म्हणून दुकानाचा आडोसा! वर्ष-दीड वर्ष आम्ही त्याला वात समजलो. गुडघ्यांना तेल चोळले, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. एका दवाखान्यात तर पायांतली चप्पलही न काढता औषध लिहून मिळाले. अखेरीस दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिच्या पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटे ठेवून नाडी पाहिली. उजव्या पायाची लागली, डाव्या पायाची लागेना. या तपासणीला दोन मिनिटेही लागली नाहीत.

पोटरीचे दुखणे आणि त्यामागचे कारण

पायांकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या भिंतीवर मेदाचे थर साचत गेले की त्यांची पोकळी अरुंद होते. बसलेल्या माणसाच्या स्नायूंना लागणारे रक्त अशा अरुंद वाटेनेही पोहोचते. पण चालताना मागणी वाढते, पुरवठा वाढत नाही, आणि स्नायू दुखू लागतात. मागणी आणि पुरवठा यांचा इतका साधा दाखला मला वर्गात शिकवताना कधी सापडला नव्हता. तंबाखूचे धूम्रपान, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉल ही या विकाराची मुख्य कारणे, आणि वाढते वय या सर्वांना बळ देते. हा विकार एकट्या पायाचाही नसतो. ज्याच्या पायांतील रोहिण्या अरुंद झाल्या, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्याही बहुधा त्याच मार्गावर असतात. म्हणून पोटरीचे दुखणे ही एक आगाऊ सूचना असते.

नीलांचा, म्हणजे अशुद्ध रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्यांचा, प्रश्न निराळा आहे. वर चढलेले रक्त खाली घसरू नये यासाठी त्यांच्यात झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपासारखे ते रक्त वर ढकलतात. वर्षानुवर्षे उभ्याने काम केलेल्या, वजन वाढलेल्या किंवा चालणे सोडलेल्या माणसाचा हा पंप दुबळा होतो. निळ्या शिरा फुगतात, घोटे सुजतात. सुजेला इतरही कारणे असतात: आहारातील मिठाचा अतिरेक, प्रथिनांची मोठी कमतरता, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे विकार, इतकेच काय, रक्तदाबाची काही औषधेसुद्धा. म्हणून सर्व पायदुखीला एकच उपाय सांगणाऱ्या जाहिराती, मग त्या बिटाच्या भुकटीच्या असोत की लसणीच्या गोळ्यांच्या, ग्राहकाच्या अज्ञानावर पोसलेल्या असतात असे समजावे.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. पाय अचानक थंड व पांढरा पडून तीव्र वेदना होणे, एकाच पायाला एकाएकी दुखरी सूज येणे, रात्री झोपेतही पाऊल ठणकणे, किंवा पावलावरची जखम दोन आठवड्यांत भरू न लागणे, यांपैकी काहीही घडले तर आहाराचा विचार बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. साचलेला थर अन्नाने धुऊन निघत नाही. तो पुढे साचण्याची गती मंदावणे आणि उरलेल्या वाटेचा उपयोग वाढविणे, एवढेच आहाराचे कार्य. पण म्हातारपणी तेवढेही पुष्कळ असते.

ताटात काय असावे

स्पेनमध्ये सात हजारांहून अधिक प्रौढ व वृद्धांवर झालेल्या एका दीर्घ प्रयोगात ऑलिव्हचे तेल किंवा अक्रोड-बदामासारखी कवचफळे यांवर भर असलेला, भाज्या व कडधान्यांनी युक्त आहार घेणाऱ्यांमध्ये पायांच्या रोहिणीविकाराचे नवे रुग्ण बरेच कमी आढळले. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष त्या प्रयोगाचा मुख्य हेतू नव्हता, म्हणून तो थोडा सावधपणे स्वीकारावा लागतो. पण त्याची दिशा इतर अभ्यासांशी जुळणारी आहे. कॅनडातील विनिपेग येथे रोहिणीविकाराच्या ११० रुग्णांवर झालेला प्रयोग तर आपल्याला अधिक जवळचा वाटावा. त्यातील निम्म्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम जवसाची पूड अन्नातून देण्यात आली, आणि त्यांचा वरचा रक्तदाब इतरांच्या तुलनेत सुमारे दहा अंकांनी उतरला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचताना मला आजीच्या घरची जवसाच्या चटणीची बरणी आठवली. ३० ग्रॅम म्हणजे चमचाभर चटणी नव्हे, हे खरे. तरीही जे विनिपेगमध्ये औषधासारखे मोजून दिले गेले, ते आपल्याकडे भाकरीबरोबर खाल्ले जात होते, याची नोंद घेण्यास हरकत नाही.

हिरव्या पालेभाज्या आणि बीट यांतील नायट्रेटपासून शरीरात जो वायू तयार होतो, तो रक्तवाहिन्या सैल करतो. डाळी व कडधान्ये प्रथिने देतात, आणि त्यांतील चोथा रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल यांना आवर घालतो. दूध, ताक व अंडी यांतून मिळणाऱ्या ब-१२ या जीवनसत्त्वाचे महत्त्व तर पुणेकरांना विशेष आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन थरांतील पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि कमतरतेचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते मध्यमवर्गात! ही कमतरता मुख्यतः मज्जातंतूंना बाधते. तळपायाला मुंग्या येतात, तो बधिर होतो, खडा टोचलेला कळत नाही. मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास ही कमतरता आणखी वाढू शकते. रक्त कमी पोहोचणारा आणि टोचलेले न कळणारा पाय, हे दोन्ही एकत्र आले की साध्या चपलेच्या चाव्यातून पाय गमावण्याची पाळी येते.

आता आपल्या घरातील वृद्धांचे प्रत्यक्ष ताट पाहू. दात गेलेले असतात, म्हणून भाकरी सुटते आणि मऊ भात, पाव, खारी, चहात बुडवलेली बिस्किटे येतात. चव मंदावते, म्हणून लोणच्याची फोड आणि पापड लागतो. त्यातून मीठ जाते. एकादशीला साबुदाणा. दूध नातवंडांसाठी राखलेले असते. माझ्या आईच्या ताटात नेमके हेच होते, आणि वीस वर्षे उपभोगाचे सिद्धान्त शिकविणाऱ्या मुलाच्या ते ध्यानात आले नाही, हे मला कबूल केले पाहिजे. पुढे कवळी बसवली, आणि आमच्याच घरातले विसरलेले पदार्थ पुन्हा शिजू लागले: मुगाचे कढण, कुळथाचे माडगे, ज्वारीची आंबील, दाण्याचे कूट घालून मऊ शिजवलेली मेथी किंवा चाकवत, जेवणाअखेर ताक. यांपैकी कोणत्याही पदार्थाला दात लागत नाहीत. जोडीला डॉक्टरांनी रोजचे चालणे सांगितले: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. औषधेही चालू होतीच. वर्षभरात ती पुन्हा मंडईपर्यंत जाऊ लागली. भांड्यांच्या दुकानापुढे अजून थांबते, पण एकदाच. यातले किती श्रेय आहाराचे, किती चालण्याचे आणि किती औषधांचे, याची वाटणी मला करता येणार नाही, आणि कोणी केली तर तिच्यावर विश्वासही ठेवू नये. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, ही पुस्तीही आवश्यक आहे.

उष्मांकांची रेषा पुण्यात आखली गेली

आमच्या घरी हा बदल करता आला, कारण आमच्या घरात एक नियमित पगार येतो. ज्या घरात तो येत नाही तेथे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुण्याच्याच बौद्धिक इतिहासाकडे वळावे लागते. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचे आपले प्रसिद्ध विवेचन मांडले. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्यासाठी जो उपभोग खर्च लागतो तो नसणे म्हणजे दारिद्र्य, ही त्यांची कसोटी होती. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये इतकी भरली. त्या काळाच्या दृष्टीने हे मोजमाप क्रांतिकारक होते. भुकेला प्रथमच एक आकडा मिळाला, आणि राज्यकर्त्यांना तो टाळता येईना.

पुण्यातच स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या कसोटीला हरकत घेतली. एकाच माणसाचे एकच काम करतानाचे खाणे आठवड्यागणिक बदलते, म्हणून सरासरी गरजेखाली येणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय आहारात प्रथिनांची स्वतंत्र तूट नाही, माणूस पोटभर जेवला तर धान्य-डाळींतूनच त्याला पुरेशी प्रथिने मिळतात, असेही त्यांनी आग्रहाने मांडले. हा वाद १९८० च्या दशकाच्या प्रारंभी चांगलाच रंगला. दोन्ही पक्ष आपापल्या परीने थोर होते, आणि त्यांच्यात कोण जिंकले हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु दोघांच्याही डोळ्यांसमोर प्रामुख्याने कष्ट करणारा माणूस होता. सुखात्म्यांच्या युक्तिवादाचा आधार 'पोटभर' या शब्दात आहे. सत्तरीच्या माणसाचे पोट दोन पोळ्यांनीच भरते. त्याची उष्मांकांची गरज घटते, पण प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांची गरज घटत नाही. म्हणजे जेवढे थोडे अन्न तो खाऊ शकतो, तेवढ्यातच पूर्वीइतके पोषण बसवावे लागते. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टींची फारकत जर कुठल्या वयात स्पष्ट होत असेल, तर ती या वयात. आपली शिधावाटप व्यवस्था मात्र पोट भरण्याच्या कल्पनेवरच उभी आहे.

पंधराशे रुपयांचा हिशेब

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य गटातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. निराधार वृद्धांना राज्याच्या योजनांतून मिळणारे साहाय्य २०२३ मध्ये दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले. या दोहोंच्या बळावर एकटी राहणारी एखादी वृद्धा काय खाऊ शकेल ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेल्या दिवसाच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल असते.

धान्य मोफत धरू. बाकीच्यांचे भाव मुद्दाम कमी धरू: दूध लिटरला ५० रुपये, भाजी किलोला ४०, डाळ १००, शेंगदाणे १२०, फळे ६० आणि तेल १३०. बाजारात जाणाऱ्या कोणालाही हे भाव उदार वाटतील. तरीसुद्धा महिन्याचा खर्च दुधाचा ४५०, भाजीचा ४८०, डाळीचा २५५, दाण्यांचा १२६, फळांचा १८० आणि तेलाचा सुमारे १०५, मिळून जवळजवळ १,६०० रुपये होतो. हे ताट प्रौढ माणसाचे आहे. वृद्धेची गरज त्याच्या तीनचतुर्थांश मानली, तर १,२०० रुपये. उरलेल्या ३०० रुपयांत तिने गॅस, वीज, साबण, मीठ-मसाला, रक्तदाबाच्या गोळ्या आणि खोलीचे भाडे भागवायचे आहे! अर्थात ते भागत नाही, आणि काटछाट होते ती दुधात, डाळीत आणि भाजीत. तीनचतुर्थांश ताटाला धान्य लागते महिन्याला साडेपाच किलोंच्या आसपास, आणि शासन देते ५ किलो. म्हणजे सर्व अन्नघटकांपैकी केवळ पिष्टमय पदार्थांचीच सोय जवळजवळ पूर्ण झालेली आहे. मधुमेहाकडे झुकलेल्या वृद्ध शरीराला जे बेताने हवे ते मोफत, आणि जे भरपूर हवे ते बाजारभावाने, अशी ही उलटी रचना आहे. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या रचनेचे गांभीर्य कळते.

धान्याखेरीज दुसरे काही शिधादुकानातून वाटणे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीनिमित्त राज्य शासनाने 'आनंदाचा शिधा' १०० रुपयांत दिला. त्यात एक किलो रवा, एक किलो हरभराडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल होते. सणाच्या आनंदात मिठाचा खडा टाकण्याची इच्छा नाही. पण चारांपैकी तीन वस्तू अशा होत्या, की पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या माणसाने त्यांच्यापासून जरा दूरच राहावे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने 'भारत' या नावाने हरभराडाळ किलोला ६० रुपयांनी विकण्याचा उपक्रम सुरू केला होता. वाटपाची यंत्रणा आहे, सवलतीचा अनुभव आहे; वस्तूंची निवड मात्र वृद्धांच्या शरीराकडे पाहून झालेली नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा. आपले पूर्वज भाकरी-ठेचा खाऊन काठीही न टेकता चालत, आजही साठी-सत्तरीचे वारकरी आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर पायी जातात, मग ही कौतुके कशाला? वारीत चालणाऱ्या वृद्धांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की त्यांची पावले पाहून आपल्याला आपली लाज वाटते. परंतु वारीत आपल्याला जे चालू शकतात तेच दिसतात. ज्यांचे पाय थांबले ते गावी ओट्यावर बसून असतात. नमुना निवडतानाच चूक झाली की निष्कर्ष चुकतो, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात येते. शिवाय त्या भाकरीबरोबर हुलगा होता, जवस होते, कारळे होते, रानभाजी होती, आणि आयुष्यभराचे चालणे होते. आज भाकरीही गेली आणि चालणेही. २०२२-२३ च्या उपभोग खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चातील तृणधान्यांचा वाटा चार टक्क्यांहून कमी, तर पेये व तयार खाद्यपदार्थांचा दहा टक्क्यांहून अधिक आढळला. पूर्वजांचा दाखला देणाऱ्यांनी पूर्वजांचे ताट आधी परत आणावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शासनाने सर्वांचे सर्व काही करावे काय, आणि पैसा कोठून आणावा? माझे उत्तर असे, की हा खर्च टाळता येत नाही, फक्त त्याची जागा बदलता येते. स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने पूर्वेकडे निघाले की गोळीबार मैदान लागते, आणि त्याच्या पलीकडे वानवडीत लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९४४ साली ते उभे राहिले ते महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी. आज उतारवयात पाय गमवावा लागण्याची प्रमुख कारणे सुरुंग आणि गोळी ही नव्हेत. मधुमेह आणि रोहिणीविकार ही आहेत. पाय काढावा लागलेल्या वृद्धाच्या शस्त्रक्रियेचा, रुग्णालयातील आठवड्यांचा, कृत्रिम पायाचा आणि त्याच्यासाठी घरी बसणाऱ्या सुनेच्या वा मुलीच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च कोणी ना कोणी करतोच. तो वेगवेगळ्या खात्यांवर पडतो आणि मजुरीचा तर कोणत्याच खात्यात लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही इतकेच. प्रत्येक किलो डाळ एकेक पाय वाचवील असा भाबडा दावा कोणी करू नये. पण दोन्ही बाजूंचा जमाखर्च एकदा शेजारी मांडून पाहावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

काय करता येईल

उपाय फार मोठे नाहीत. पासष्टीपुढील शिधापत्रिकाधारकांना दरमहा दोन किलो डाळ आणि एक किलो शेंगदाणे द्यावेत. वर धरलेल्या भावांनी हा खर्च माणशी ३२० रुपये येतो. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा नव्याने ठरतो. निराधार वृद्धाचे साहाय्य मात्र कोणाला आठवेल तेव्हा वाढते. त्यालाही खाद्यपदार्थांच्या किंमत निर्देशांकाची जोड द्यावी. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा तीत दोन चपात्या, भात, भाजी आणि वरण होते. त्याच धर्तीवर वृद्धांसाठी भाजी व डाळ दुप्पट, भात निम्मा आणि वाटीभर ताक अशी थाळी करता येईल. स्वारगेटच्या दक्षिणेला दीड-दोन किलोमीटरवर गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. आवक वाढली की तेथे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांना तोडणीचा खर्चही सुटत नाही आणि शेतकरी हताश होतो. त्याच दिवशी जवळच्याच वस्तीतील म्हातारी बिनभाजीची जेवते. ही दोन टोके जोडण्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. महापालिकेच्या दवाखान्यांत साठीपुढील प्रत्येक रुग्णाची चप्पल काढायला सांगून पावलाची नाडी पाहावी, तळपाय तपासावा. त्याला यंत्र लागत नाही, दोन बोटे पुरतात. आणि चालायला सांगायचे तर पदपथावर ठरावीक अंतराने बाके हवीत, कारण या रुग्णाला थांबण्याचा अधिकार असावा लागतो.

घराघरांतही करण्यासारखे आहे, आणि त्याला शासनाची वाट पाहावी लागत नाही. घरातली म्हातारी माणसे काय खातात हे आठवडाभर नुसते पाहावे. विडी सुटली नसेल तर ती सोडवावी; तिच्याइतका पायाचा शत्रू दुसरा नाही. मिठाचा हात आखडावा, कवळी बसवून द्यावी, आणि दुधाची वाटणी नव्याने करावी. आई-वडील उपदेश ऐकत नाहीत अशी तक्रार सर्वांचीच असते. पण समोर आलेले गरम कढण ते बहुधा परतवत नाहीत.

दांडेकर-रथांनी भुकेची रेषा आखली, तेव्हा देशापुढचा प्रश्न माणूस जगेल की नाही हा होता. तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, माणसे अधिक वर्षे जगू लागली, आणि त्या यशातूनच हा नवा प्रश्न उभा राहिला आहे. वाढलेली वर्षे ओट्यावर बसून काढायची की चालत, हे ठरविणारी रेषा आता उष्मांकांत आखता येणार नाही. स्वारगेटच्या फलाटावरील गाडीच्या पहिल्या पायरीवर ती रोज आखली जाते. गाडीचे तिकीट फुकट करणाऱ्या शासनाने त्या पायरीकडेही पाहावे.